लेग्नित्सा: जिथे पोलंडचं पहिलं राजघराणं सगळ्यात शेवटी संपलं

१६७५ च्या नोव्हेंबरमध्ये पंधरा वर्षांचा एक पोरगा देवी येऊन वारला. नाव येझी विल्हेल्म, सायलेसियातल्या (आजचा नैऋत्य पोलंड) लेग्नित्सा, ब्झेग आणि वोवुफ या तीन छोट्या संस्थानांचा ड्यूक. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हिएन्नाला जाऊन त्याने हॅब्सबुर्ग सम्राट लिओपोल्डपुढे निष्ठेची शपथ घेतली होती, म्हणजे गादीवर नीट बसून वर्षसुद्धा झालं नव्हतं. लग्न नाही, मूल नाही, भाऊ नाही. आणि त्याच्याबरोबर पिआस्त या पोलंडच्या पहिल्या राजघराण्याची पुरुषांची शाखा कायमची बंद झाली.

आता ज्यांनी पोलंडचा इतिहास थोडाफार वाचलाय ते म्हणतील की पिआस्त तर १३७० मध्येच संपले ना, काझिमिएझ महान मुलगा न होता गेला आणि गादी हंगेरीच्या भाच्याकडे गेली. बरोबर आहे, पण ती राजगादी. घराणं वेगळं. मिएश्कोने ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेतला तिथून पोलंडची गोष्ट सुरू होते, त्याच मिएश्कोचे वंशज सायलेसियात आणखी तीनशे पाच वर्षं बारीकसारीक जहागिऱ्या सांभाळत बसले होते, आणि त्यातले शेवटचे लेग्नित्सावाले.

हे असं का झालं त्याचं मूळ ११३८ मध्ये आहे. बोलेस्लाव तिसरा, ज्याला वाकड्या तोंडाचा म्हणायचे, त्याने मरताना राज्य मुलांत वाटून दिलं, हेतू हा की भांडणं नकोत. ज्याने एकदा तरी गावाकडची शेतीची वाटणी बघितलीय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. थोरल्या व्लादिस्लावला सायलेसिया मिळाला, वर घरातला कर्ता म्हणून मान मिळाला, पण त्याला सगळंच हवं होतं, तर धाकट्या भावांनी ११४६ मध्ये त्याला हाकलून लावलं. तो परागंदा झाला तो परत आलाच नाही, पोरं मात्र ११६३ मध्ये जर्मन सम्राटाच्या वजनावर परत आली आणि सायलेसिया घेऊन बसली. म्हणजे गंमत बघा, थोरली पाती असूनही ही मंडळी मुख्य गादीपासून बाजूलाच पडली. लेग्नित्साचं नाव कागदावर येतं ते याच धामधुमीत, ११४९ मध्ये.

खरा जोर आला तो त्या व्लादिस्लावच्या नातवाच्या, दाढीवाल्या हेन्रिकच्या वेळी. त्याने लेग्नित्साचा किल्ला विटांत बांधला, त्या काळात पोलंडमध्ये विटांचे किल्ले जवळपास नव्हतेच. त्याच्या बारा बाजूंच्या जुन्या चॅपलचा पाया उत्खननात सापडला आणि आज किल्ल्याच्या अंगणात एका पॅव्हेलियनखाली बघायला मिळतो. हेन्रिकची बायको यादविगा, बव्हेरियाकडची, नंतर १२६७ मध्ये संत ठरली. दोघांनी १२०२ मध्ये त्शेबनित्साला नन्ससाठी मठ काढला, तो लक्षात ठेवा, शेवटी परत येणारे.

त्यांचा मुलगा हेन्रिक दुसरा, भाविक म्हणून ओळखला जाणारा. ९ एप्रिल १२४१ ला लेग्नित्साजवळच्या माळावर मंगोलांशी लढताना पडला. सैन्य किती होतं यावर जुन्या लेखकांनी आकडे खुशाल फुगवलेत, त्यामुळे ते सोडून देऊ. पण वेळेचा हिशोब भारी आहे. बोहेमियाचा (आजचा चेक प्रदेश) राजा मदतीला निघाला होता आणि जेमतेम एका दिवसाच्या अंतरावर होता, हेन्रिक थांबला नाही. आणि मंगोलांना तरी पोलंड कुठे हवा होता, मुख्य फौज हंगेरीत होती, ही तुकडी बाजू सांभाळायला आलेली, दोनच दिवसांनी ११ एप्रिलला मोही या गावी हंगेरीच्या राजाचा धुव्वा उडाला. लेग्नित्साचा किल्ला मंगोलांनी घेतला नाही, नुसतं ड्यूकचं मुंडकं भाल्यावर लावून तटासमोर नाचवलं. धड मग कोणाचं कुठलं कळेना, तेव्हा डाव्या पायाला सहा बोटं होती त्यावरून बायकोने ओळखलं असं सांगतात.

हे मुंडक्याचं दृश्य एका हस्तलिखितात रंगवलेलं आहे. संत यादविगाच्या चरित्राची ही पोथी १३५३ मध्ये तिच्याच वंशातल्या लुडविक पहिल्याने करवून घेतली. तटावर माणसं दाटीने उभी, खाली घोडेस्वार, मधे भाल्यावर डोकं. स्वतःच्या पणजोबाच्या बापाचं (लढाईनंतर शंभरेक वर्षांनी) असं चित्र पैसे देऊन काढून घ्यायचं, याला श्रद्धा म्हणा किंवा चांगली राजकीय जाहिरात म्हणा, मला दोन्ही वाटतं. पोथी आता लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये आहे.

हेन्रिक गेला आणि परत वाटण्या सुरू. लेग्नित्सा १२४८ मध्ये वेगळं संस्थान झालं आणि मिळालं ते थोरल्या बोलेस्लाव रोगात्काला, जो जरा अवलियाच होता. याने लुबुशचा प्रदेश जर्मनांना देऊन टाकला आणि १२७७ मध्ये सख्ख्या पुतण्याला पळवून कोंडून ठेवलं, जमीन लिहून घेतली तेव्हा सोडलं. त्याचा नातू उधळ्या म्हणूनच प्रसिद्ध, तो १३२९ मध्ये बोहेमियाच्या राजाचा मांडलिक झाला आणि लेग्नित्सा पोलंडच्या हातून गेलं ते थेट १९४५ पर्यंत.

मधल्या ड्यूकांत माझ्या मते कामाचा माणूस एकच, फ्रिडेरिक दुसरा. लूथरचा प्रोटेस्टंट पंथ घेतला, १५२६ मध्ये युनिव्हर्सिटी काढली (तीनेक वर्षांत बंद पडली, असो), किल्ल्याला १५३३ चा तो कोरीव दरवाजा बसवला जो अजून उभा आहे. पण त्याची सगळ्यात महागात पडलेली गोष्ट म्हणजे एक कागद. १५३७ मध्ये त्याने ब्रांडेनबुर्गशी (बर्लिनचं राज्य, पुढे प्रशिया झालं ते) करार केला की आमचा वंश खुंटला तर संस्थान तुमचं. बोहेमियाची गादी तोवर हॅब्सबुर्गांकडे आली होती, त्या राजाने १५४६ मध्ये हा करार रद्द ठरवला, पण बर्लिनवाल्यांनी कागद काही फेकून दिला नाही.

त्याचा नातू हेन्रिक अकरावा म्हणजे वेगळंच प्रकरण. पदरचा लवाजमा घेऊन जर्मन शहरांतून वर्षानुवर्षं फिरायचा, सगळं उधारीवर, आणि देणेकऱ्यांना तोंड द्यायला मागे राहायचा बिचारा त्याचा सरदार हान्स फोन श्वाइनिखेन, ज्याने डायरी लिहून ठेवली म्हणून हे आपल्याला कळतं.

तर १६७५ ला तो पोरगा गेला आणि सम्राटाने संस्थान खालसा केलं. आई लुईझाने मग सेंट जॉन चर्चमध्ये घराण्याची समाधी बांधून घेतली, १६७९ मध्ये पूर्ण झाली. आत नवऱ्याचा, मुलाचा, मुलीचा आणि स्वतःचा असे अलाबास्टरचे पूर्णाकृती पुतळे, रौखमिलर नावाच्या शिल्पकाराचे. एखाद्या बाईने राज्य गेल्यावर पैसे कशावर घालवावेत याचं उत्तर तिला पक्कं माहीत होतं असं दिसतं. नंतर जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांनी जुनं चर्च पाडून भोवती नवं बरोक चर्च उभं केलं, समाधी तेवढी ठेवली.

आणि तो कागद? १७४० मध्ये प्रशियाचा फ्रेडरिक सायलेसियात घुसला तेव्हा हक्काचा पुरावा म्हणून दोनशे वर्षं जुना १५३७ चा करार पुढे केला. कोर्टात टिकला असता का माहीत नाही, तोफांपुढे टिकला, १७४२ च्या तहाने जवळपास सगळा सायलेसिया त्याचा झाला.

१९४५ ला महायुद्ध संपलं, सायलेसिया पोलंडकडे आला आणि पारडं फिरलं. जर्मन लोकांना घालवून दिलं, पूर्वेकडच्या गमावलेल्या भागातून पोलिश कुटुंबं आणून वसवली. कोल्हापूरच्या वळिवडे कॅम्पमध्ये राहिलेले पोलिश निर्वासितही मूळचे त्याच पूर्वेच्या पट्ट्यातले. नव्या सरकारने या प्रदेशाला ‘परत मिळवलेली भूमी’ म्हटलं आणि पुरावा म्हणून कोणाला उभं केलं, तर पिआस्तांना. म्हणजे प्रशियाला ज्या घराण्याने कागद दिला त्याच घराण्याने पोलंडलाही हक्क दिला. व्रोत्सवाफमध्ये तर पिआस्त नावाची बिअर निघाली. आणि विनोद असा की पिआस्तांच्या या लेग्नित्सात हेडक्वार्टर मात्र सोव्हिएत फौजेचं बसलं, अफसरांच्या बंगल्यांभोवती भिंत घातली, लोक गावाला लहान मॉस्को म्हणायला लागले, ते १९९३ पर्यंत.

समाधीतल्या पुतळ्यांपैकी मुलगी कारोलिना १६७९ ला समाधी झाली तेव्हा जिवंत होती. ती नंतर अठ्ठावीस वर्षं जगली, १७०७ मध्ये वारली, तिच्यानंतर घराण्यात कोणीच उरलं नाही. पुतळा लेग्नित्सात आहे, पण ती तिथे नाही. ती कॅथलिक झाली होती, तिला पुरलं त्शेबनित्साला, यादविगाच्या मठात.