बॉईज हायस्कूल, कॅथलिक (गोवा)

गोव्यात चर्चच्या किंवा एखाद्या धर्मसंघाच्या मॅनेजमेंटखाली चालणारी, साधारण पाचवी ते दहावीपर्यंत फक्त मुलगे घेणारी इंग्रजी माध्यमाची शाळा. पणजीचं डॉन बॉस्को, म्हापशाचं सेंट ब्रिटो, मडगावचं लोयोला ही पटकन तोंडावर येणारी नावं, आणि गिरीच्या डोंगरावरचं सेंट अँथनीज, जे बोर्डिंगसाठी ओळखलं जातं. शहरात अशा प्रत्येक शाळेला जोडीचं मुलींचं कॉन्व्हेंट असतंच, पणजीला मेरी इमॅक्युलेट, म्हापशाला सेंट मेरीज, मडगावला फातिमा. खेड्यातल्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, शाळांत मात्र बहुतेक ठिकाणी मुलगे-मुली एकत्रच, त्या या नोंदीत येत नाहीत.

उगम : खरा वाद इथे आहे. शाळांच्या ज्युबिली सोव्हेनिअरमध्ये हमखास एक लेख असतो ज्यात परंपरा थेट जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजपर्यंत नेलेली असते. कॉलेज १५४१-४२ च्या सुमारास सांता फे नावाने सुरू झालं, फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात पोचला आणि त्याच दशकात कॉलेज जेझुइट या धर्मसंघाच्या हाती गेलं. तिथे देशोदेशीची मुलं राहून शिकायची, १५५६ मध्ये छापखानाही तिथेच आला, आज फक्त दरवाजाची कमान उभी आहे. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत १५७४ ला मडगावात निघालेलं आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रायतुरला हललेलं कॉलेज, त्याचंही नाव या वंशावळीत घेतात. ऐकायला छान वाटतं, पण साखळी दोनदा तुटलीय. १७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकललं आणि १८३५ मध्ये उरलेल्या पुरुष धर्मसंघांनाही गोव्यातून गाशा गुंडाळावा लागला, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं शाळा चालवायला संघच नव्हते. मधल्या काळात टिकल्या त्या पॅरिशच्या शाळा, जिथे मुलांना प्रार्थना आणि सोल्फा, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, शिकवायचे. मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या कितीतरी गोंयकारांचं नोटेशन तिथलंच, पण त्याला हायस्कूल म्हणणं ओढूनताणून होईल.

दुसरं मत हडफड्याच्या सेंट जोसेफ्सपासून सुरुवात धरतं. ही शाळा १८८७ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी काढली, गोव्यातली सगळ्यात जुनी इंग्रजी शाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. या मताचा जोर दाव्यापेक्षा कारणावर आहे आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. राज्य पोर्तुगीजांचं, पणजीत १८५४ पासून लिसेव, म्हणजे पोर्तुगीज सरकारी माध्यमिक शाळा, तरी उत्तरेकडच्या बार्देस तालुक्यातल्या एका गावात इंग्रजी शाळा का निघावी? कारण पोरांना नोकरी मुंबईत, कराचीत, पूर्व आफ्रिकेत किंवा बोटीवर करायची होती, मुंबईत धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, खाट अडवून ठेवलेली असायची आणि तिथे पोर्तुगीज काही कामाची नव्हती. त्यामुळे घरोघरी एक हिशेब ठरलेला, आधी सरकारी शाळेत सेगुंद ग्राव (पोर्तुगीज प्राथमिक शिक्षणाचा टप्पा) करायचं, मग इंग्रजी शाळेत घुसायचं आणि मुंबई युनिव्हर्सिटीची मॅट्रिक द्यायची. म्हणजे शाळा गोव्यात पण परीक्षा ब्रिटिश हिंदुस्थानची. हे लक्षात घेतलं की या शाळांना ‘पोर्तुगीजांनी दिलेलं शिक्षण’ म्हणणं किती फसवं आहे ते कळतं, उलट पोर्तुगीज व्यवस्थेला वळसा घालण्यासाठीच त्या वाढल्या. हिंदू समाजाच्या बाजूने मुष्टिफंडासारख्या संस्था (१९०८) मराठी आणि इंग्रजीची सोय करत होत्या, तिथेही ओढ मुंबईकडेच.

आज ज्याला आपण बॉईज हायस्कूल म्हणतो तो साचा मात्र बहुधा १९४० च्या दशकातला. जेझुइट परत येऊन म्हापसा-मडगावात शाळा काढतात तो हाच काळ. सेलेशियन, म्हणजे डॉन बॉस्कोचा धर्मसंघ, १९४६ मध्ये पणजीत आले, त्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इटालियन मिशनऱ्यांना नजरकैदेत टाकलं होतं, सुटल्यावर त्यातले काहीजण फादर विन्सेंझो स्कुदेरी यांच्याबरोबर गोव्यात आले आणि आधी ओरेटरी सुरू केली, म्हणजे संध्याकाळी पोरांना जमवून खेळ, थोडी प्रार्थना, थोडा बँड. शाळा त्यातून वाढली. जेझुइटांकडे शिस्त आणि स्पर्धेचा कल आणि सेलेशियनांकडे मैदानाचा, असं जुने विद्यार्थी सांगतात, त्यात अतिशयोक्ती आहे पण अगदीच खोटंही नाही.

फक्त मुलगे का, याचं उत्तर त्यामानाने सरळ आहे. पुरुषांच्या संघांनी मुलग्यांना शिकवायचं आणि सिस्टर लोकांनी मुलींना, ही युरोपातून आलेली वाटणी, तिच्यावर गोव्यात फारसा वाद झाल्याचं दिसत नाही.

रोजचं जीवन : सकाळी असेंब्ली, प्रार्थना, बातम्या, फादरचं दोन मिनिटांचं बोलणं जे कधीच दोन मिनिटांत संपत नाही, राष्ट्रगीत. फादर, ब्रदर, सर, टीचर अशी हाक मारायची पद्धत. पांढरी वस्त्रं घातलेले फादर ऑफिसात एखाददुसरे, वर्गावर बहुतेक साधे शिक्षक आणि त्यात हिंदू बायका भरपूर, पगार सरकारी ग्रँटचा. छडी पूर्वी सर्रास होती, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद झाली, निदान कागदावर तरी. कॉरिडॉरमध्ये इंग्रजीच बोला अशी पाटी आणि तिच्याखाली उभं राहून ‘किते रे पात्रांव’ (काय रे बॉस).

२०११ च्या जनगणनेत गोव्यात ख्रिस्ती पाव हिस्सा भरले, त्यामुळे वर्ग मिश्रच असतो. कॅटेकिझमच्या तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात, बाकीचे मॉरल सायन्सला दुसरीकडे. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, पण इथली ही वाटणी इतकी अंगवळणी पडलीय की पोरांना त्यात कायदा आहे हे माहीतही नसतं.

भाषेच्या तासाला वर्ग पुन्हा फुटतो आणि तो प्रकार बघण्यासारखा. मराठी घेणारा मुलगा बहुतेक हिंदू, घरी कोकणी बोलणारा, भजन-आरती आणि पेपर मराठीत, शाळेचा बाकी सगळा अभ्यास इंग्रजीत. कोकणी घेणारा कॅथलिक मुलगा पुस्तकात देवनागरी वाचतो आणि रविवारी चर्चमध्ये तीच भाषा रोमी लिपीत. मराठीच्या टीचरने निबंध दिला ‘माझा आवडता सण’, की अर्ध्या वह्यांत मध्येच ‘माटोळी’ (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची सजावट) आणि ‘चवथ’ येते, टीचर लाल पेनने गणेशोत्सव करते आणि पुढच्या वर्षी पोरं पुन्हा चवथच लिहितात. या सगळ्याला मागचं राजकारण आहे. कोकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा, त्यानंतर १९९० च्या सुमारास प्राथमिक शाळांना ग्रँट फक्त प्रादेशिक भाषेसाठी असं ठरल्यावर चर्चच्या बहुतेक प्राथमिक शाळा कोकणीकडे वळल्या, मग २०११ मध्ये इंग्रजीलाही ग्रँट मिळाली आणि पुन्हा गदारोळ झाला. हायस्कूल या भांडणाच्या बाहेर राहिलं, पण पाचवीला येणारी पोरं त्यातूनच आलेली, कुणी मराठी प्राथमिकमधून तर कुणी कोकणीतून, आणि पहिली सहामाही सायन्सचं इंग्रजी समजण्यातच जाते.

खेळ म्हणजे फुटबॉल, बाकी खेळांवर इथे फार लिहिण्यासारखं नाही. जून-जुलैत मैदानावर लाल चिखल, पांढरे कॅनव्हास शूज एका रिसेसमध्ये तांबडे होतात आणि मोजे धुवून त्या रंगातून सुटत नाहीत, आई कितीही ओरडली तरी. तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेपर्यंत जायचं स्वप्न, आणि शेजारच्या शाळेकडून हरलं तर आठवडाभर कुणी नीट बोलत नाही. बँड स्वातंत्र्यदिनाला आणि १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, वाजतो.

फीस्ट, म्हणजे संताचा सण, शाळेच्या संतावर ठरतं. डॉन बॉस्कोचं ३१ जानेवारी, इग्नेशियस लोयोलाचं ३१ जुलै, ब्रिटोचं ४ फेब्रुवारी, अँथनीचं १३ जून. सकाळी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना), मग मॅच, मग काहीतरी खायला. ३ डिसेंबरला झेवियरच्या फेस्ताची सरकारी सुट्टीच. चवथीची सुट्टी सगळ्यांना सारखी, आणि दिवाळीआधी वाड्यावर नरकासुर उभा करताना बांबूची कामटी धरायला वर्गातले मायकल-सावियो येतातच.

कॅन्टीनच्या खिडकीवर पॅटीस, कटलेट पाव, बटाटवडा, कधी चोरिस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) पाव. श्रावणात एक गट शाकाहारी आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, दुसरा, म्हणून कॅन्टीनवाल्याला दोन्ही कॅलेंडरं ठेवावी लागतात.

परीक्षा : १९६१ ला पोर्तुगीज राज्य संपल्यावर, म्हणजे मुक्तीनंतर, शाळा पुण्याच्या बोर्डाला जोडल्या होत्या, गोव्याचं स्वतःचं बोर्ड १९७५ मध्ये आलं आणि तेव्हापासून दहावी तिकडे. अकरावीला हायर सेकंडरीत बहुतेक ठिकाणी मुली एकाच वर्गात येतात, धर्मसंघाच्या संस्थांतही, पणजीच्या डॉन बॉस्कोसकट, त्यामुळे निव्वळ मुलग्यांचं शिक्षण दहावीच्या निकालालाच संपतं.