स्ट्राँग पासवर्ड वेगळा, न फुटलेला पासवर्ड वेगळा

सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचं अकाउंट हॅक झालं की एक वाक्य हमखास येतं: ‘अहो, पण पासवर्ड चांगला स्ट्राँग होता!’ असेलही. त्याचा इथे संबंध नसतो, एवढंच.

स्ट्राँग म्हणजे काय ते सगळ्यांना पाठ आहे. लांब हवा, नाव-जन्मतारीख नको, कुणाला अंदाज बांधता येऊ नये. भर एवढीच घालतो की चिन्हं आणि कॅपिटल अक्षरांपेक्षा लांबी जास्त कामाची. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने 2017 सालीच सांगून टाकलं की चिन्हांची सक्ती नको आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणंही नको. आपल्याकडची ऑफिसं तरीही नव्वद दिवसांचं घोडं दामटतात आणि लोक शेवटचा 3 खोडून 4 करतात. असो.

खरा घोळ पुढे आहे. नोंदणी करताना पासवर्ड किती स्ट्राँग ते दाखवणारी पट्टी हिरवी होते, तेव्हा ती फक्त तुम्ही टाइप केलेली अक्षरं मोजत-जोखत असते. तोच पासवर्ड तुम्ही चार वर्षांपूर्वी एखाद्या कपड्यांच्या साइटवर दिला होता आणि त्या साइटचा डेटा चोरीला गेला, हे तिला बहुतेकदा ठाऊकच नसतं. साइटने पासवर्ड नीट हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, ठेवले असतील तर स्ट्राँग पासवर्ड चोरीनंतरही तग धरतो. पण तशी खात्री कोण देणार? 2009 मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे 3 कोटींहून जास्त पासवर्ड फुटले, ते सगळे उघड्या अक्षरांत साठवलेले होते. तिथे वीस अक्षरी पासवर्ड आणि ‘123456’ एकाच पंगतीला.

एकदा ईमेल-पासवर्डची जोडी हाती आली की चोर अंदाज बांधत बसत नाही. प्रोग्राम लावून तीच जोडी इतर साइटवर चालवून बघतो. ड्रॉपबॉक्सने 2012 मध्ये स्वतःच कबूल केलं होतं की दुसऱ्या साइटवरून चोरलेल्या पासवर्डनी त्यांच्याकडची काही खाती उघडली गेली. म्हणून एकच भारी पासवर्ड सगळीकडे लावणाऱ्यांपेक्षा मला प्रत्येक साइटला वेगळा, मध्यम पासवर्ड ठेवून डायरीत लिहिणाऱ्या काकू जास्त शहाण्या वाटतात. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळून ठेवणारं ॲप, वापरलात तर उत्तमच.

उलट बाजूही लक्षात ठेवा: फुटलेल्यांच्या यादीत नाही म्हणजे चांगला, असंही नाही. बिल्डिंगचं नाव आणि फ्लॅट नंबर कुठल्याच यादीत नसेल, पण शेजाऱ्याला तो दोन मिनिटांत सुचेल.

आता तपासणी. ‘तुमचा पासवर्ड किती स्ट्राँग?’ विचारणाऱ्या कुठल्याही अनोळखी पानावर खरा पासवर्ड टाइप करू नका. फुटला आहे का हे बघायला सायबर सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांची ‘हॅव आय बीन पोन्ड’ साइट आहे. तिथेही लोक घाबरतात, पण तिची रीत निराळी आहे. तुमच्याच ब्राउझरमध्ये पासवर्डचा 40 अक्षरी हॅश तयार होतो आणि त्यातली पहिली 5 अक्षरंच पुढे जातात. तिकडून तशी सुरुवात असलेल्या शेकडो हॅशचे उरलेले भाग परत येतात आणि जुळवणी तुमच्या मशीनवर होते. पासवर्ड बाहेर जातच नाही. त्याच साइटवर ईमेल टाकून बघणं मात्र वेगळं: तिथे खातं कुठल्या चोरीत होतं ते कळतं, पासवर्ड नाही.

हे करायचा कंटाळा असेल तर गुगल पासवर्ड मॅनेजरमधलं चेकअप चालवा. ते फुटलेले, पुन्हा वापरलेले आणि कमकुवत असे तीन वेगळे गट दाखवतं. बहुतेक जण कमकुवतवाल्यांनाच आधी हात घालतात. फुटलेले आधी बदला, मग पुन्हा वापरलेले, आणि दोन्हींत सुरुवात ईमेलपासून; बाकी सगळ्यांच्या रिसेट लिंक तिथेच येतात.