शेवंडीचं काचेचं पिल्लू

कॅमेऱ्यातून बघताना आधी फक्त दोन काळे ठिपके दिसतात. त्यांच्यामागे शरीर असतं, पण पाण्यात पडलेली काच जेवढी दिसावी तेवढंच. पाणबुड्या हातातली बॅटरी जरा तिरपी करतो, कडा उजळते आणि मग कळतं, की हा विड्याच्या पानासारखा चपटा, बोटभर लांबीचा मासा आहे आणि ते ठिपके त्याचे डोळे आहेत. आपल्याकडची वाम ज्या ईल गटात मोडते, त्याच गटातल्या कुठल्याशा माशाचं हे बाळ.

हे सगळं घडतं हवाई बेटांमधल्या कोनाजवळच्या समुद्रात, रात्री. इथला किनारा ज्वालामुखीच्या उताराचा. तो उतार पाण्याखाली तसाच पुढे जात असल्यामुळे काही किलोमीटरवरच खोली हजार मीटरच्या पुढे जाते. शिवाय हे प्रचंड पर्वत वारा अडवतात, त्यामुळे या बाजूचं पाणी बऱ्यापैकी शांत असतं. होडी इंजिन बंद करून वाहत राहते, पाण्यात दिवे सोडले जातात आणि पाणबुडे होडीला बांधलेल्या दोरीच्या टोकाशी, पंधरा-एक मीटर खोलीवर तरंगतात. दोरी हवीच. खाली तळ नाही, आजूबाजूला खडक नाही. समोरचा प्राणी हळूहळू खाली चालला असेल, तर त्याच्या मागे आपणही खाली चाललोय हे लक्षातच येत नाही. इंग्रजीत याला ब्लॅकवॉटर म्हणतात. मराठीत ‘काळं पाणी’ म्हणावं तर थेट अंदमान आठवतं, म्हणून तो मोह सोडून देऊ.

रात्रीच का, याचं उत्तर युद्धकाळात हाती लागलं. 1942 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सोनारचे, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली ओळखण्याचे, प्रयोग चालू होते. शेकडो मीटर खोलीवरून प्रतिध्वनी येत होता, जणू तिथे तळच आहे. पण तळ तर त्याच्या कितीतरी खाली होता! पुढे 1945 मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचे मार्टिन जॉन्सन यांनी दाखवलं, की हा ‘तळ’ संध्याकाळी वर येतो आणि पहाटे खाली जातो. म्हणजे तो जिवंत होता. तांदळाच्या कणीएवढ्या कवचधारींपासून छोट्या माशांपर्यंत असंख्य जीव अंधार पडला की अन्नासाठी वर येतात आणि उजाडण्याआधी, शिकाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून, खोलात परततात. एकत्रित वजन धरलं तर पृथ्वीवरचं हे सर्वांत मोठं स्थलांतर, आणि ते रोज होतं. चांदणं लख्ख असेल तर यातले बरेच जण फारसे वर येत नाहीत, म्हणून अनेक छायाचित्रकार अमावास्येच्या आसपासच्या रात्री पसंत करतात.

उघड्या समुद्रात लपायला आडोसाच नाही. मग उरतो एकच उपाय: आरपार होणं. शरीरातून जाताना प्रकाश जवळजवळ पाण्यातल्याइतकाच वळला, तर शरीर दिसत नाही. पण दोन गोष्टी लपवता येत नाहीत. दृष्टिपटलाला प्रकाश शोषावाच लागतो, नाहीतर दिसणार कसं? आणि पोटातलं जेवण काही पारदर्शक नसतं. म्हणून आधी ते दोन ठिपके दिसतात. ऑटोफोकसला पकडायला काहीच सापडत नाही, तो मागेपुढे करत बसतो. समोरून फ्लॅश मारला तर पाण्यातले कण चमकून फोटोवर बर्फ पडल्यासारखा दिसतो, म्हणून फ्लॅश बाजूंना दूर ठेवतात. मागची काळी पार्श्वभूमी मात्र आपोआप मिळते: फ्लॅशचा प्रकाश पुढे जातो आणि त्याला परत पाठवणारं तिथे काहीच नसतं.

हे जीव काही नव्याने सापडलेले नाहीत. प्लवकांचं, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या जीवांचं, शास्त्र जाळ्यावर उभं राहिलं. आपल्या हिंद महासागराचंच घ्या. 1960च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत ठरावीक मापाचं जाळं 200 मीटरवरून वर ओढत नमुने गोळा केले गेले आणि ते निवडण्याचं काम कोचीला झालं. याच मोहिमेच्या पाठोपाठ 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय गोव्यात, दोना पावलाला आहे. किती पाण्यात किती जीव, हे जाळंच सांगू शकतं. एखादा सुंदर फोटो नाही. पण जाळ्यात जेलीसारखी शरीरं फाटतात, लांब तंतू तुटतात, आणि नमुने टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये रंग उडून जातो.

त्यात भर म्हणजे बाळं आईबापांसारखी दिसत नाहीत. 1856 मध्ये योहान काउप यांनी ईलच्या अशाच पानासारख्या बाळाला स्वतंत्र मासा समजून लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरॉस्ट्रिस असं नाव दिलं. इटलीत ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी ती बाळं टाकीत ठेवून त्यांचं रूपांतर होताना पाहिलं, तेव्हा कुठे 1890च्या दशकात गोंधळ मिटला. शेवंडीच्या डिंभाचीही, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाचीही, तीच कथा. कागदासारखं पातळ शरीर आणि कोळ्यासारखे लांब पाय असलेला हा जीव वेगळाच प्राणी समजून त्याला फिलोसोमा, म्हणजे ‘पर्णदेही’, म्हटलं गेलं. असे फोटो पाहून लोक ‘परग्रहावरचे जीव’ म्हणतात, ते मला पटत नाही. परग्रह कसला, ही तर मासळीबाजाराची बालवाडी आहे. गोव्याकडच्या लेपोचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात, पण त्या कुळातल्या बाळांना सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. नशीब असेल तर एक डोळा डोक्यावरून पलीकडे निघालेला असतानाच फोटोत सापडतो.

फिलोसोमाचा तर थाट वेगळाच. काही जाती जेलीफिशला पायांनी धरून तिच्यावर स्वार होतात आणि अधूनमधून तिलाच खातात. गाडी आणि डबा एकच! जाळं वर आलं की स्वार वेगळा पडतो आणि वाहनाचा लगदा होतो. मग कोण कुणावर बसलं होतं, ते कळायचं कसं?

कस्क ईल नावाच्या माशांत याहून मोठा चमत्कार दिसतो. (नावात ईल असलं तरी हे खरे ईल नव्हेत.) काही जातींची आतडी बालपणी पोटाबाहेर लोंबत असतात, झालरीसारखी. दंश करणाऱ्या एखाद्या जेलीसारखं दिसून शिकाऱ्याला फसवण्यासाठी हे असावं, असा एक अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे तपासायचं तर मासा ही झालर पाण्यात कशी धरतो, हे आधी दिसायला हवं, आणि बरणीतल्या नमुन्यात बहुतेकदा झालरच तुटलेली असते.

2021 मध्ये हवाईतले पाणबुडे आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियनसारख्या संस्थांमधले मत्स्यतज्ज्ञ यांनी मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत साधी. आधी पाण्यात जिवंत बाळाचा फोटो, मग तेच बाळ अलगद बरणीत, अल्कोहोलमध्ये. त्यातून डीएनए काढून जात ओळखायची आणि फोटोशी जोडायची. फॉर्मालिन इथे चालत नाही, त्याने डीएनए खराब होतो. क्रमही उलटा करता येत नाही. बरणीचं झाकण लागेपर्यंत ती झालर आखडून एवढीशी झालेली असते.