टँकरचं तेल जाळ्यात आलं, तर भरपाईचा दावा कुठे करायचा?

समुद्रात तेल सांडलं की कोळीवाड्यातून पहिला मोर्चा निघतो तो तेल कंपनीच्या गेटवर. कंपनीची माणसं तवंग अडवायला बूम (पाण्यावर तरंगणारे अडसर) टाकतात, पत्रक काढतात, पण भरपाईचा कागद सहसा तिथे निकाली निघत नाही. टँकरमधल्या कच्च्या किंवा जड तेलाची पहिली जबाबदारी जहाजमालकाची असते. चूक कोणाची हे आपल्याला सिद्ध करावं लागत नाही. २,००० टनांहून जास्त असं तेल नेणाऱ्या टँकरला विमा सक्तीचा आहे, त्यामुळे दावा मालकाकडे आणि त्याच्या विमा क्लबकडे (जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या विमा संस्थेकडे) जातो. मालकाची जबाबदारी ठरावीक रकमेपुरतीच असते, ती मर्यादा संपली की लंडनचा आंतरराष्ट्रीय तेल प्रदूषण भरपाई निधी पुढे येतो. भारत त्याचा सदस्य आहे. गंमत म्हणजे निधीतला पैसा शेवटी तेलवाल्यांचाच, कारण वर्षाला दीड लाख टनांहून जास्त तेल समुद्रमार्गे घेणाऱ्या कंपन्या त्यात वर्गणी भरतात.

पैसे अपुरे पडले तर सगळ्यांना सारख्या प्रमाणात कपात लागते. म्हणून फ्रान्सच्या किनाऱ्यावर १९९९ मध्ये ‘एरिका’ टँकर बुडाला, तेव्हा माल ज्या कंपनीचा होता त्या टोटलने सफाईखर्चाचा आपला दावा रांगेत शेवटी ठेवला. आपल्याकडे असं काही घडलं, तर कंपनीकडे मागण्यासारखी ही चांगली गोष्ट आहे.

आधी एक तपासा: जहाज टँकरच होतं ना? ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर खलिजिया-३ शी धडकलेलं एमएससी चित्रा कंटेनर जहाज होतं, सांडलं ते त्याचं स्वतःचं इंधन. अशा वेळी हा निधी लागू होत नाही, जहाजमालक आणि त्याचा विमा एवढंच उरतं. दुसरा रस्ता पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचा, पुण्याच्या खंडपीठात. २०११ मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या राक कॅरियर या मालवाहू जहाजाच्या प्रकरणात लवादाने २०१६ साली १०० कोटींची पर्यावरण भरपाई लावली होती. भरपाईसाठी लवादाकडे पाच वर्षांत जावं लागतं.

दावा नाखवाच (बोटीचा मालक) करू शकतो असं नाही. तांडेल (बोट चालवणारा), खलाशी, खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायका, सगळे करू शकतात. मासे विकणारी कोळीण आणि बर्फवाल्यालाही वाव आहे, मात्र कमाई त्याच किनाऱ्यावर किती अवलंबून होती हे त्यांना दाखवावं लागतं. परवाना नसलेल्या बोटीचा दावा मात्र बहुधा अडतो.

कागद: बोटीची नोंदणी, मासेमारी परवाना, मच्छीमाराचं बायोमेट्रिक ओळखपत्र, आधार, बँक पासबुक, सोसायटीचा डिझेल हिशेब, ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरच्या लिलावाच्या पट्ट्या, बर्फाची बिलं. पट्ट्या जपा. मी अर्ज भरायला बसतो तेव्हा निम्म्या जणांकडे त्या भिजून लगदा झालेल्या असतात, आणि नेमकी तीच कमाईची साक्ष. त्याच महिन्यांची आधीच्या तीन वर्षांची कमाई, उणे यंदाची, उणे वाचलेलं डिझेल, बर्फ आणि रेशन, असा हिशेब मांडतात. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीतले दिवस त्यात धरू नका, सगळ्या अर्जावरच संशय येतो.

डोल (पिशवीसारखं मोठं जाळं) काळी झाली तर लगेच धुवायला घेऊ नका. आधी तारखेसह फोटो, मग पंचांसमोर पंचनामा. तेलाचा नमुना स्वच्छ काचेच्या बरणीत, प्लॅस्टिकच्या बाटलीत नाही. जाळं दोन हंगाम वापरलेलं असेल तर नव्याची पूर्ण किंमत मिळत नाही, झीज वजा होते. धुऊन निघणारं असेल तर धुण्याचाच खर्च मिळतो.

तवंग दिसताच तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा आणि फोनची वेळ लिहून ठेवा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात अर्जाची प्रत देऊन पोच घ्या. मालक, विमा किंवा निधीकडचा दावा नुकसान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत पक्का व्हायला हवा, नुसतं पत्र पुरत नाही. तडजोड झाली नसेल तर त्या मुदतीत कोर्टात जावंच लागतं, म्हणून दुसरं वर्ष संपायच्या आत वकील गाठा.