दानाची पिशवी आणि ऐकण्याची रीत

वसईतल्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, अर्पणाचं गीत सुरू झालं, की कापडी पिशव्या बाकांमधून फिरू लागतात. माझ्या लहानपणी तांबड्या लुगड्यातल्या आज्या पदराच्या गाठीतून नाणं सोडवायच्या आणि मूठ पिशवीत खोलवर घालून उघडायच्या. कोणी किती टाकलं ते शेजारणीला कळू नये, एवढंच त्यांच्या मनात असे. मिस्सा आटोपल्यावर चार स्वयंसेवक ऑफिसातल्या टेबलावर पिशव्या उलट्या करतात. दहाच्या नोटा एकीकडे, शंभराच्या दुसरीकडे, नाण्यांच्या चळती, मग रजिस्टरमध्ये आकडा आणि त्याखाली सह्या.

2021 पासून आपल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या मंडळींत, ‘सिनड’ हा शब्द रुळला. एकत्र बसायचं, एकमेकांचं शांतपणे ऐकायचं, मग ठरवायचं. पुष्कळांना ही नवी टूम वाटली, आणि पैशाशी तिचा काही संबंध असेल असं तर फार थोड्यांना वाटलं. पैसा फायनान्स कमिटीकडे, ऐकणं बैठकीत, अशी आपल्या डोक्यात वाटणी झालेली आहे. ती मुळात नव्हती.

पहिल्या शतकातल्या यरुशलेममध्ये श्रद्धावंत आपली मिळकत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवत, असं बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं. हे आपल्याला पाठ आहे. त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांनी केली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सगळ्या मंडळीला बोलावलं आणि तुमच्यातूनच सात माणसं निवडा म्हणाले. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेतल्या माणसांच्या हाती वाटप गेलं असावं. मला हा अध्याय फार मोलाचा वाटतो. दानाचा प्रश्न ऐकण्यातून सुटला, याची एवढी जुनी नोंद आपल्यापाशी आहे.

संत पौलानेही पैशाच्या बाबतीत अशीच काळजी घेतली. यरुशलेममधल्या गरिबांसाठी त्याने करिंथ शहरातल्या मंडळीकडे पत्राने वर्गणी मागितली. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा, असं सांगितलं. रक्कम पोचवायला तुम्हीच पसंत केलेली माणसं पाठवीन, असंही लिहिलं. एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवहारात कोणी बोट ठेवू नये म्हणून आपण जपतो, हे त्याने दुसऱ्या पत्रात उघडच सांगितलं आहे. साधारण 155 च्या सुमाराला संत जस्टिन रोमच्या रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो. ज्यांची ऐपत आणि इच्छा आहे ते देतात, जमलेलं प्रमुखापाशी ठेवलं जातं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांना मदत मिळते. त्याच उपासनेत शास्त्रवाचन मोठ्याने होई आणि सगळे ते ऐकत.

देणं आणि ऐकणं ही जोडी पुढे तुटली. युरोपात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला आणि 779 मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या फर्मानाने दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणं, हा कायदाच झाला. स्वखुशीचं दान वसुलीच्या वाटेला लागलं. वसुली करणाऱ्याला देणाऱ्याचं ऐकायची फारशी गरज राहत नाही.

आपल्या किनाऱ्यावर चर्च आलं ते याच वळणाने. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पाद्रोआदो या व्यवस्थेत पोर्तुगालच्या राजाला दशमांशावर हक्क होता आणि बदल्यात चर्च व धर्मगुरू पोसण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. धर्मगुरूचा पगार राजा देणार, तर गावकऱ्यांना विचारतो कोण? 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथला तो राजाश्रय संपला. त्यानंतर चर्चला इथल्या शेतकऱ्या-कोळ्यांच्याच आधाराने उभं राहावं लागलं. वसईच्या चर्चची खरी मिळकत तेव्हापासूनची आहे, असं मी मानतो. गोव्यात फाब्रिका म्हणजे चर्चच्या मालमत्तेचा कारभार आणि कोन्फ्रारिया म्हणजे बंधुसंघ, ही जुनी नावं अजून चालतात. बंधुसंघांनी सण साजरे केले, चर्च जपली. पण अनेक गावांत त्यांचं सदस्यत्व गावकार म्हणजे गावच्या मूळ मानकरी घराण्यांपुरतं आणि जातीपुरतं राहिलं. पैसा सगळ्यांचा, आवाज काहींचा, ही सल तिथे फार खोल गेली.

जोडी पुन्हा जुळवण्याचा एक प्रयत्न पॅरिसमध्ये झाला. 1833 मध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानामने मित्रांसह जी संघटना सुरू केली, तीच आपल्या धर्मग्रामांतली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. तिचे सभासद मदत पाठवून मोकळे होत नाहीत. दोघं-दोघं मिळून गरजवंताच्या घरी जातात, बसतात, त्याचं म्हणणं ऐकतात. आणि बैठकीच्या शेवटी त्यांच्यातही एक पिशवी फिरते. ज्याच्याकडे त्या दिवशी काही नाही, तोही मूठ आत घालून बाहेर काढतो. आमच्या आज्यांची मूठ मला इथे आठवते.

1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मोठं दार उघडलं. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होती. ती लोकभाषांत आली आणि मराठी माणूस मराठीत देवशब्द ऐकू लागला. चर्चच्या मालमत्तेचा कारभार धर्मगुरूंनी शक्यतो जाणकार प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांच्या, मदतीने करावा, हेही परिषदेने सांगितलं. आपल्याकडे सरकारी कायदा आधीच आला होता. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यात मंदिर, मठ, वक्फ यांच्याबरोबर चर्चचाही उल्लेख आहे. हिशेब ठेवणं आणि तो तपासून घेणं त्यामुळे बंधनकारक झालं.

1983 ची धर्मसंहिता, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, मात्र नीट वाचायला हवी. कलम 537 प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. कलम 536 प्रमाणे पालकीय परिषद, म्हणजे धर्मग्रामाच्या कामाचा विचार करणारी लोकांची बैठक, बिशपांना योग्य वाटल्यास स्थापायची आणि तिचं मत केवळ सल्ल्यापुरतं. म्हणजे वही सक्तीची झाली आणि कान ऐच्छिक राहिला. त्याच संहितेत कलम 1267 सांगतं, की ठरावीक कामासाठी दिलेलं दान त्याच कामाला लागलं पाहिजे, आणि कलम 1287 सांगतं, की श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा. पण बोलायला जागाच नसेल, तर हा हिशेब विचारायचा कुठे?

ती जागा आपल्याकडे अंगणात तयार झाली. आशियाई बिशपांनी 1990 मध्ये इंडोनेशियात बांडुंगला ‘समूहांचा समूह’ अशा चर्चचं स्वप्न मांडलं. मुंबईत लहान ख्रिस्ती समूहांचं काम त्याआधीच सुरू झालं होतं आणि वसई तेव्हा मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती. वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला 1998 मध्ये. लहान ख्रिस्ती समूह म्हणजे दहा-पंधरा घरं, एक मेणबत्ती, बायबल. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत इथेच रुजली: उतारा वाचायचा, भिडलेला शब्द मोठ्याने म्हणायचा, शांत राहायचं, मग आपला अनुभव सांगायचा, वाडीत काय करायला हवं ते ठरवायचं, आणि शेवटी प्रार्थना करायची.

सिनडचं ‘पवित्र आत्म्यातील संभाषण’ याच कुळातलं आहे. पहिल्या फेरीत प्रत्येकजण बोलतो आणि कोणी मध्ये तोंड घालत नाही. दुसऱ्या फेरीत दुसऱ्याचं काय मनाला लागलं ते सांगायचं. तिसऱ्या फेरीत एकत्र पुढची दिशा शोधायची. मधे मौन. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये ही वाट सुरू केली. 2023 च्या सिनडच्या सभेत स्त्रियांना पहिल्यांदाच मताचा हक्क मिळाला. 26 ऑक्टोबर 2024 ला मंजूर झालेल्या अंतिम दस्तऐवजात पालकीय परिषदेसारख्या सहभागाच्या परिषदा सक्तीच्या कराव्यात अशी मागणी आहे, आणि अर्थसमित्या नीट चालाव्यात, वार्षिक हिशेब प्रसिद्ध व्हावा, हेही आहे. त्याआधी 2020 मध्ये व्हॅटिकनच्या एका सूचनेने मिस्सासाठीचं दान म्हणजे किंमत किंवा कर नव्हे, हे पुन्हा बजावलं होतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या अशाच एका बैठकीत उतारा वाचून झाला, मौन संपलं आणि एका आजीने विचारलं, “आम्ही छपरासाठी दिलं होतं नं? मग छप्पर कधी?” सगळे अवघडले. कोणीतरी म्हणालं, हा विषय इथला नाही. आमच्या म्होरक्याने मात्र तो प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतला. पुढच्या महिन्यात अर्थसमितीतले दोघं हिशेबाचा कागद घेऊन त्याच अंगणात आले, आजीशेजारच्या खुर्च्यांवर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले.