सात डॉलर नाकारणारी पलटण

अमेरिकेच्या यादवी युद्धाशी (१८६१–६५) आपली ओळख बहुतेक कापसापुरती. तिकडचा कापूस थांबला, मुंबईत भाव चढले, समुद्रात भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरवर लोक तुटून पडले आणि युद्ध संपताच बाजार कोसळला. तो कापूस ज्या कृष्णवर्णीय गुलामांच्या घामावर पिकत होता, त्यांचे भाईबंद त्याच युद्धात बंदूक घेऊन उतरले होते. त्यांच्यातली सर्वांत नावाजलेली पलटण म्हणजे ५४वी मॅसॅच्युसेट्स पायदळ. फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यामुळे तिचं नाव झालं. मला मात्र तिची पगाराची लढाई जास्त मोठी वाटते.

युद्धाच्या सुरुवातीला उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, सैन्यात कृष्णवर्णीयांना शिपाई म्हणून घेत नसत. जुलै १८६२ च्या मिलिशिया (नागरी फौज) कायद्याने दार किलकिलं झालं, पण त्यातला हिशेब मजुराचा होता: महिना १० डॉलर, पैकी ३ कपड्यांचे वजा. हाती सात. पुढे १ जानेवारी १८६३ ला राष्ट्राध्यक्ष लिंकनचा, बंडखोर दक्षिणेतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी त्याच महिन्यात पलटण उभारायची परवानगी मिळवली. भरती होणाऱ्यांना त्यांनी शब्द दिला की, गोऱ्या शिपायाइतकाच, म्हणजे १३ डॉलर पगार मिळेल. गुलामीतून निसटून नामांकित वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी जिवाचं रान केलं. त्यांचे दोन मुलगे, लुईस आणि चार्ल्स, याच पलटणीत दाखल झाले. राज्यात कृष्णवर्णीय वस्ती थोडी, म्हणून पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्कपासून माणसं आली. अधिकारी मात्र गोरेच. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तेव्हा अवघे २५ वर्षांचे होते.

१८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी चार्ल्सटनजवळ, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला दलदल अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून ही पलटण दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर किल्ल्यावर सर्वांत पुढे धावली. सुमारे ६०० जणांपैकी २७० च्या आसपास मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. शॉ तटावरच पडले. विल्यम कार्नी जखमी असूनही झेंडा जमिनीला टेकू न देता परतला. किल्ला काही पडला नाही. दक्षिणेच्या सैन्याने शॉंना त्यांच्या शिपायांसोबत एकाच खड्ड्यात पुरलं. हेतू अपमानाचा, पण वडिलांनी कळवलं की, मुलाला तिथेच राहू द्या.

एवढं होऊनही पगाराच्या टेबलावर सातच डॉलर. युद्धखात्याचं म्हणणं, तुम्ही मिलिशिया कायद्याखालचे. पलटणीने ते घ्यायला साफ नकार दिला. राज्याने वरची रक्कम आपल्या तिजोरीतून द्यायची तयारी दाखवली, तीही घेतली नाही. प्रश्न सहा डॉलरचा नव्हताच. फरक राज्याने भरला असता, तर केंद्राच्या लेखी ते मजूरच राहिले असते. जेम्स हेन्री गुडिंग या शिपायाने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकनला पत्र लिहून विचारलं, आम्ही सैनिक आहोत की मजूर? इकडे घरी बायकापोरांचे हाल चालले होते. फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडात ओलस्टीच्या लढाईत ‘मॅसॅच्युसेट्स आणि महिना सात डॉलर!’ अशी आरोळी ठोकत हे लोक पुढे गेले. गुडिंग तिथेच पकडला गेला आणि जुलैत अँडरसनव्हिलच्या तुरुंगात वारला.

जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, समान पगार मंजूर केला, पण मेख मारून. भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी १९ एप्रिल १८६१ ला जे स्वतंत्र होते, त्यांनाच, आणि तसं शपथेवर सांगायचं. पलटणीत पळून आलेले गुलामही होते. शॉंच्या जागी आलेले कर्नल हॅलोवेल यांनी शपथेचे शब्दच असे बेतले की, त्या तारखेला आपण कुणालाही फुकट राबण्याचं देणं लागत नव्हतो. गुलामाचं राबणं हे जबरदस्तीचं, देणं नव्हेच; म्हणून ही शपथ गुलामही खोटं न बोलता घेऊ शकत होता. सप्टेंबरअखेर, भरतीनंतर सुमारे दीड वर्षाने, पैसे हाती पडले.

बॉस्टनमधलं पलटणीचं स्मारक १८९७ चं. त्यावर तेव्हा कोरलेली नावं मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची होती. वॅग्नरला पडलेल्या शिपायांची नावं १९८० च्या दशकात कोरली गेली.