गळ्यातल्या गाठींना थायरॉइडची गोळी हवी का?

मुलीच्या बाळंतपणासाठी माझी आतेबहीण सहा महिने अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात राहिली. जूनमध्ये घरामागच्या गवतात काम करताना तिला गोचीड चावली, आठवड्याभराने मांडीवर तळहाताएवढा लाल चट्टा उठला, ताप आला, आणि तिथल्या डॉक्टरांनी लाइम रोगाचे निदान करून डॉक्सिसायक्लिन दिले. ताप गेला, चट्टा गेला, पण थकवा जाईना. म्हणून केलेल्या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातले संप्रेरक, 5.8 आले आणि सोनोग्राफीत थायरॉइड ग्रंथीत तीन गाठी दिसल्या, त्यांतील सर्वांत मोठी 18 मिलिमीटरची. नागपूरला परतल्यावर धरमपेठेतल्या तिच्या घरी तिने ती फाइल माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "गाठी विरघळायला थायरॉइडची गोळी सुरू करू का? शेजारच्या वहिनी तर रोज घेतात."

या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. गाठी लाइममुळे झाल्या का, ग्रंथीचे काम बिघडले आहे का, आणि गाठीत काही धोकादायक आहे का. तिघांची उत्तरे वेगवेगळ्या तपासण्यांतून मिळतात. ती एकमेकांत मिसळली की नको असलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, आणि असे अनेक घरांत घडताना मी पाहिले आहे.

लाइम हे कनेक्टिकटमधील गावाचे नाव. 1970च्या दशकाच्या मध्यावर त्या परिसरातील मुलांमध्ये सांधे सुजण्याचे प्रमाण एकाएकी जास्त दिसू लागले, त्यावरून हा आजार वेगळा ओळखला गेला. त्यामागचा पिळदार जिवाणू विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या आतड्यात शोधला. 1982 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि जिवाणूला त्यांचेच नाव मिळाले. आपल्याकडे कुत्र्यांच्या कानांवर आणि गुरांच्या अंगावर दिसणारी नेहमीची गोचीड वेगळ्या जातीची आहे. विदर्भातील डॉक्टरांना अधिक परिचयाचा आहे तो किडीच्या अळीपासून होणारा स्क्रब टायफस, ज्याचे अनेक रुग्ण 2018च्या पावसाळ्यात नागपुरात आढळले होते. त्यावरही डॉक्सिसायक्लिनच चालते, त्यामुळे बहिणीला दिलेले औषध इथल्या डॉक्टरांना नवे नव्हते.

लाइमचा जिवाणू आणि थायरॉइडची प्रथिने यांच्या रचनेत काही ठिकाणी साम्य आढळते, आणि त्यावरून संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्या ग्रंथीवर उलटत असावी, अशी कल्पना मांडली गेली आहे. ती कल्पना विचार करण्याजोगी आहे, परंतु लाइममुळे थायरॉइडमध्ये गाठी होतात हे सिद्ध झालेले नाही. उलट गाठी मुळातच फार सर्रास आढळतात. हाताला लागणारी गाठ शंभरातील चार ते सात प्रौढांत असते, तर सोनोग्राफी केली की निम्म्याच्या आसपास लोकांत, आणि वाढत्या वयाच्या स्त्रियांत त्याहून अधिक वेळा, एखादी तरी गाठ सापडते. चौपन्न वर्षांच्या बाईच्या मानेवर कोणत्याही कारणाने यंत्र फिरवले असते तरी त्या तीन गाठी बहुधा दिसल्याच असत्या. लाइमने त्या निर्माण केल्या यापेक्षा लाइमच्या निमित्ताने त्या नजरेस पडल्या, असे मानणे मला अधिक योग्य वाटते.

आता ग्रंथीच्या कामाविषयी. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की टीएसएच वाढते आणि जास्त झाले की घटते. सामान्य पातळी साधारणपणे 0.4 ते 4 मानली जाते. बहिणीचे 5.8 हे आजारातून उठल्यानंतरचे होते. शरीर आजारातून सावरत असताना टीएसएच काही काळ वर जाऊ शकते, म्हणून किंचित वाढलेल्या एका आकड्यावर निर्णय न घेता सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. तिने नागपुरात ती केली आणि आकडा आला 0.2. टी4, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक थायरॉक्सिन, मात्र वाढलेले. पहिल्या अहवालावर कोणी संप्रेरक वाढवणारी गोळी सुचवली होती, तर या अहवालावर दुसऱ्या कोणी ते कमी करणारे कार्बिमाझोल लिहून दिले. एकाच मानेसाठी दोन उलट औषधे.

मी तिला घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. कॅल्शियम, लोह, ड जीवनसत्त्व, आणि केस गळतात म्हणून तीन आठवड्यांपासून घेत असलेली बायोटिनची गोळी. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 10 मिलिग्रॅम असे छापले होते. शरीराची रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅमची, म्हणजे त्या एका गोळीत किमान अडीचशे पट बायोटिन होते. त्याने शरीराला सहसा अपाय होत नाही, पण तपासणी चुकते. अनेक प्रयोगशाळांतील चाचण्या रक्तातील संप्रेरक पकडण्यासाठी बायोटिनच्याच चिकटण्याच्या गुणाचा उपयोग करतात. रक्तात ते अतोनात असेल तर चाचणीतील जागा तेच अडवते आणि टीएसएच खोटे कमी, तर टी4 खोटे जास्त दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. तिच्या डॉक्टरांना हे कळवल्यावर त्यांनी कार्बिमाझोल सुरू करू दिले नाही, बायोटिन आठवडाभर बंद ठेवायला लावले आणि रक्त पुन्हा तपासले. टीएसएच 2.4, टी4 अगदी व्यवस्थित. तिची ग्रंथी नीट काम करत होती.

मग गाठी विरघळवण्याचे काय? ही समजूत निराधार नाही, ती जुनी आहे. टीएसएच ग्रंथीच्या पेशींना वाढायला लावते, तेव्हा बाहेरून थायरॉक्सिन देऊन टीएसएच दाबले तर गाठही आक्रसेल, या विचाराने अनेक वर्षे ही गोळी दिली जात असे. जिथे आयोडीनची कमतरता आहे तिथे त्याचा थोडाफार उपयोगही दिसतो. पण वैद्यकीय संशोधक वुलिमिरी रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवले, 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि आज आपल्या स्वयंपाकघरातले मीठ बहुतेक आयोडीनयुक्तच असते. पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या माणसात या गोळीने गाठ फारशी घटत नाही. किंमत मात्र मोजावी लागते: टीएसएच दीर्घकाळ दाबून ठेवले तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने 2015च्या मार्गदर्शक सूचनांत साध्या गाठींसाठी ही पद्धत वापरू नये असे सांगितले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात साध्या गाठी असलेल्या 992 जणांना पाच वर्षे तपासत राहिले. सुमारे 15 टक्क्यांच्या गाठी वाढल्या, तर 18 टक्क्यांच्या आपोआप लहान झाल्या. गोळी घेणाऱ्या ओळखीच्या कुणाची गाठ कमी झालेली दिसली, तर हा आकडा जरूर आठवावा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता आणि त्याचे उत्तर रक्तात नव्हते. मोठी गाठ भरीव आणि सोनोग्राफीत आजूबाजूच्या भागापेक्षा काळसर दिसत होती. अशी गाठ दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर सुईने पेशी काढून तपासतात. रामदासपेठेतल्या एका केंद्रात ती तपासणी झाली तेव्हा मी बरोबर होते. मानेखाली उशी, हनुवटी वर, गार जेल, आणि इंजेक्शनच्या सुईहूनही बारीक सुई पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी गाठीत शिरताना दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "ताई, आता गिळू नका," आणि अर्ध्या मिनिटात काचपट्टीवर लालसर थेंब पसरला. चार दिवसांनी अहवाल आला: बेथेस्डा वर्ग दोन, म्हणजे साधी गाठ.

थायरॉक्सिनची गरज असलेल्या माणसाने ती गोळी मुळीच टाळू नये. टीएसएच पुन्हा तपासूनही 10च्या वर राहिले, किंवा शस्त्रक्रियेत ग्रंथी काढावी लागली, तर ती आवश्यकच असते, आणि ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, लोह व कॅल्शियमपासून चार तास दूर घ्यावी लागते. याउलट टीएसएच खरोखरच कमी असेल तर गाठ स्वतःच संप्रेरक बनवते आहे का, हे पाहण्यासाठी स्कॅन करतात.

बहिणीचा थकवा लाइमवरील उपचारानंतर काही रुग्णांत महिनोन् महिने रेंगाळतो तसा असावा, असे तिच्या डॉक्टरांचे मत पडले. त्यावर थायरॉइडची गोळी हा उपाय नाही आणि लांबलचक अँटिबायोटिकचाही टिकाऊ फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. सध्या ती सकाळी अंबाझरीला अर्धा तास चालते, बायोटिन बंद आहे, आणि गाठींची पुढची सोनोग्राफी वर्षभराने ठरली आहे. त्याआधी गाठ भराभर वाढली, आवाज बसून राहिला किंवा घास अडकू लागला, तर तिने लगेच दाखवायला जायचे आहे.